स्टोरीला उत्तर का येत नाही: कॅमेऱ्याच्या आधीपासून दुसऱ्या दिवसापर्यंतची पद्धत

"बघतात सगळे, बोलत कुणीच नाही." ही तक्रार मी राजारामपुरीतल्या एका कापडवाल्याकडून ऐकली, कॉलेजातल्या पोरांकडून ऐकली आणि घरात वहिनींकडून तर रोज ऐकतो. वहिनी उन्हाळ्यात चटणी करून विकतात. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला. इडलीबरोबरची नव्हे.) तिघांच्या इन्स्टाग्रामवरच्या स्टोऱ्या एका बैठकीत बघितल्या. विषय तीन, चूक एकच. आधी कॅमेरा उघडायचा, समोर असेल ते टिपायचं, मग त्यावर काहीतरी लिहायचं आणि शेवटी कोपरा रिकामा दिसतोय म्हणून पोल (बोट लावून मत द्यायची चौकट) चिकटवायचा.

हा क्रम उलटा आहे. बघणाऱ्यानं काय करायचं हे सगळ्यात आधी ठरवायचं असतं. कॅमेऱ्याचा नंबर तिसरा.

खालची पद्धत इन्स्टाग्राम धरून लिहिली आहे, व्हॉट्सॲप स्टेटसला काय बदलायचं ते शेवटाकडे येईल. उदाहरण चटणीचं घेतलंय. तुमचं चपलांचं दुकान असो, शिकवणी असो, नाहीतर रंकाळ्यावरचा रोजचा फेरफटका, टप्पे बदलत नाहीत.

टप्पा १: नवीन काही टाकण्याआधी जुनं उघडा

अर्काइव्हमध्ये (जुन्या स्टोऱ्या साठतात तिथं) जाऊन मागच्या सात दिवसांच्या स्टोऱ्या काढा. कागद घ्या, मोबाइलमधली नोंदवही नको, कारण दोन्ही एकाच स्क्रीनवर बघताना गोंधळ होतो. प्रत्येक दिवसाच्या पहिल्या स्टोरीला किती जण आणि शेवटच्या स्टोरीला किती, हे दोन आकडे लिहा. आपली स्टोरी वर सरकवली की आकडा दिसतो. नावांची यादी मात्र ४८ तासांनी दिसेनाशी होते, त्यामुळं कुणी बघितलं हे हवं असेल तर दुसऱ्याच दिवशी बघायचं.

पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात मोठी दरी असेल, तर लोक कुठल्या स्टोरीला गळाले ते शोधा. बहुतेक वेळा ती दुसरी किंवा तिसरी असते, आणि बहुतेक वेळा तिथं दुसऱ्याची पोस्ट नुसती पुढं ढकललेली असते.

प्रोफेशनल (धंद्यासाठी बदलून घेतलेलं) खातं असेल तर आणखी चार गोष्टी दिसतात: पुढं, मागं, बाहेर, आणि पुढच्या खात्याकडं उडी. 'पुढं' दाबणं हे वर्तमानपत्राचं पान उलटण्यासारखं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. 'मागं' दाबलं असेल तर थांबून विचार करा: एकतर काहीतरी आवडलं म्हणून पुन्हा बघितलं, नाहीतर अक्षर वाचून व्हायच्या आत स्टोरी सरकली. कुठलं खरं ते स्टोरी बघितल्यावर तुमचं तुम्हालाच कळतं. खरी वाईट बातमी म्हणजे दुसऱ्या खात्याकडं मारलेली उडी. तो माणूस तुमच्या उरलेल्या सगळ्या स्टोऱ्या सोडून गेला.

सावधान: हे आकडे मिळावेत म्हणून घाईनं खातं बदलू नका. प्रोफेशनल खातं खासगी ठेवता येत नाही, ते सगळ्यांना उघडं होतं. शिवाय बिझनेस प्रकार निवडला की बरीच चालू गाणी वापरता येत नाहीत. घरगुती खातं असेल तर कागदावरचे दोन आकडे पुरेत.

टप्पा २: एक ओळ लिहा

ओळ अशी: "हे बघून ______ नं ______ करावं."

पहिल्या जागी माणूस, दुसऱ्या जागी कृती. माणूस म्हणजे 'फॉलोअर्स' नव्हे. डोळ्यासमोर एक चेहरा आणा. वहिनींनी पहिल्यांदा लिहिलं, "सगळ्यांनी चटणी मागवावी." मी म्हटलं, सगळे म्हणजे कोण? थोड्या वेळानं त्यांनी खोडून लिहिलं, "पुण्याला नोकरीला गेलेल्या पोरीनं आईला विचारावं, आपल्या चटणीत कुठली मिरची असते?"

चटणी मागवणं हे या ओळीत नाहीच, आणि म्हणूनच ती चांगली आहे. रोजच्या स्टोरीकडून रोज विक्री मागितली की लोक तुमचं वर्तुळ बघूनच पुढं जातात. सोनं घ्यायचं नसतानाही आपण गुजरीतून चालतो, काचेत बघतो, दुकानदाराशी दोन शब्द बोलतो. घ्यायची वेळ आली की त्याच्याकडंच जातो. स्टोरीचं काम त्या दोन शब्दांपुरतं.

कृती चारच प्रकारच्या असतात: बोट लावणं (मत देणं), लिहून उत्तर देणं, कुणालातरी पुढं पाठवणं, आणि प्रत्यक्ष येणं किंवा मागवणं. एका दिवसाच्या मालिकेला यातली मुख्य अशी एकच, फार तर तिच्याआधी बोट लावण्यापुरता एक पोल. त्याहून जास्त मागितलं की लोक काहीच करत नाहीत.

तपासा: ओळीत 'माहिती व्हावी', 'आवडावं', 'पोहोचावं' असलं क्रियापद आलंय का? मग ती कृती नाही. पुन्हा लिहा.

टप्पा ३: आता कॅमेरा

लेन्स पुसा. हसू नका. खिशातल्या मोबाइलच्या लेन्सवर बोटांचा तेलकटपणा असतो आणि त्यामुळं दिव्याभोवती धुरकट वलय येतं. मग लोक म्हणतात, फोन जुना झाला.

चित्रीकरण इन्स्टाग्रामच्या आत करू नका, फोनच्या कॅमेऱ्यात करा. कोरी क्लिप गॅलरीत राहते, चुकलं तर पुन्हा वापरता येते, स्टेटसला वेगळी लावता येते. फोन उभा धरा. स्टोरीचा आकार १०८० बाय १९२०, म्हणजे ९:१६. आडवी क्लिप टाकली की वर-खाली रिकामे पट्टे येतात आणि चित्र कपाळपट्टीएवढं उरतं.

प्रत्येक ठिकाणी तीन क्लिपा घ्या: लांबून, मधून, जवळून. प्रत्येक पाच-सहा सेकंदांची, हात न हलवता. फोन इकडून तिकडे फिरवत सगळं एकाच क्लिपमध्ये घ्यायची सवय मोडा. बघणाऱ्याला कशाकडं बघायचं तेच कळत नाही.

डंकावरचं (चटणी कांडून मिळते त्या गिरणीतलं) उदाहरण देतो. पहिल्या वर्षी वहिनींनी तिथं पाऊण मिनिट फोन फिरवला होता: दार, पाट्या, रांगेतल्या बायका, यंत्र, पुन्हा दार. क्लिप बघून काही म्हणजे काही लक्षात राहिलं नाही. दुसऱ्या खेपेला फक्त तीन क्लिपा घेतल्या. लांबून: लाल धुळीनं रंगलेली भिंत. मधून: उखळात पडणारा मुसळ, त्याचा धप्प-धप्प आवाज तसाच ठेवून. जवळून: वहिनींचाच हात, चिमटीत चटणी, आणि मागून कुणाचा तरी एक दणदणीत ठसका. तो ठसका ऐकून कोल्हापूरच्या माणसाच्या नाकात झोंबतं. त्या आवाजावर गाणं लावलं असतं तर सगळी मजा गेली असती. जिथं जागेचा स्वतःचा आवाज आहे (डंक, तव्यावरची चरचर, चपलेवर पडणारी हातोडी) तिथं गाणं लावू नका.

उजेडाबद्दल एवढंच: रंकाळ्यावर संध्याकाळी सूर्य माणसाच्या मागं ठेवून फोटो काढला की चेहरा काळा येतो. माणसाला फिरवा. सूर्यास्तच हवा असेल तर स्क्रीनवर उजळ भागावर बोट ठेवून उजेड खाली ओढा, चेहऱ्याचा नाद सोडा. दोन्ही एकदम मिळत नाही.

सावधान: डंकावर, बाजारात, तालमीत माणसं आपापल्या कामात असतात. चेहरा येणार असेल तर आधी विचारा, "घेऊ का?" लहान मुलांचे चेहरे नकोतच. देवळाच्या गाभाऱ्याकडं कॅमेरा वळवू नका. घरून काम करणाऱ्यांनी, विशेषतः बायकांनी, घराचं लोकेशन स्टोरीला लावू नये. पेठेचं किंवा शहराचं नाव पुरतं. फिरायला गेल्याची स्टोरी घरी परतल्यावर टाकली तरी काही बिघडत नाही.

टप्पा ४: क्रम लावा

तीन ते पाच स्टोऱ्या. सात झाल्या तर दोन काढा. कुठल्या काढायच्या ते सुचत नसेल तर ज्या काढताना जीव तुटतो त्या, कारण त्या बहुतेक वेळा फक्त तुम्हालाच आवडलेल्या असतात.

पहिली स्टोरी हे दार आहे. तिथं "नमस्कार मित्रांनो, आज आपण बघणार आहोत" नको, दुकानाचा लोगो नको, 'शुभ सकाळ' तर नकोच नको. काहीतरी अर्धवट राहिलेलं दाखवा. वहिनींची मालिका अशी होती:

१. गच्चीवर दोन चादरी, दोन्हींवर मिरच्या, एक गडद लाल, एक जरा फिकी. मजकूर: "यातली एक रंगाला, एक तिखटाला. ओळखता येईल?"
२. दोन्ही मिरच्या तळहातावर, अगदी जवळून. पोल: "डावी ब्याडगी" आणि "उजवी ब्याडगी".
३. देठं काढून काढून लाल झालेली बोटं. मजकूर: "ह्या हातानं डोळा चोळायचा नाही, एवढं आठवतंय का कुणाला?"
४. डंकावरची मुसळाची क्लिप, ठसक्यासकट. मजकूर नाही.
५. रिकामी बरणी. प्रश्नाचं स्टिकर (बघणाऱ्यानं उत्तर लिहायची चौकट): "तुमच्या घरी चटणीत काय घालतात जे बाकी कुणी घालत नाही?"

पाचही स्टोऱ्यांत 'ऑर्डरसाठी संपर्क' कुठंही नाही. पाचव्याला आलेली उत्तरं वाचताना वहिनी जेवायला उठेनात. कुणाच्या घरी कारळ्याचे तीळ, कुणाकडं दगडफूल जास्त, एकीनं तर "सासूबाई सांगत नाहीत" एवढंच लिहिलं. पोलचं उत्तर मात्र त्या दिवशी मुद्दाम दिलं नाही. ते का, ते आठव्या टप्प्यात.

पोल आणि शेवटचा प्रश्न यांच्या मधल्या स्टोऱ्यांत काही मागू नका, नुसतं दाखवा. सलग तीन स्टोऱ्यांत तीन स्टिकरं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला पाणी न देता फॉर्म भरायला लावणं.

तपासा: फक्त पहिली आणि शेवटची स्टोरी एखाद्या घरच्या माणसाला दाखवा. "मधे काय होतं?" असं त्यानं आपणहून विचारलं तर क्रम बरोबर आहे.

टप्पा ५: अक्षर

मराठीत लिहिणाऱ्यांच्या खास अडचणी इथं आहेत. इन्स्टाग्रामचे सगळे फॉन्ट देवनागरीला चालत नाहीत. काही निवडले तरी अक्षर तसंच राहतं, काहींत वरच्या मात्रा आणि रफार कापले जातात. 'र्‍य', 'ट्ट', 'क्ष' असली अक्षरं लिहून एकदा मोठं करून बघा. कीबोर्ड शब्द स्वतः बदलतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

एका स्टोरीत दोन ओळी, फार तर आठ-दहा शब्द. फोटोची स्टोरी काही सेकंदांत आपोआप सरकते, परिच्छेद लिहाल तर कुणी बोट दाबून धरून वाचत बसणार नाही. खूप सांगायचं असेल तर ते बोलून सांगा आणि त्याचा गाभा खाली लिहा. बरेच जण एसटीत, ऑफिसात, रात्री पोरं झोपल्यावर आवाज बंद ठेवून बघतात. लिहिलेलं नसेल तर त्यांच्यापुरते तुम्ही नुसते ओठ हलवताय.

जागा: १९२० पिक्सेलच्या उंचीत वरचे साधारण २५० आणि खालचे साधारण ३४० मोकळे सोडा. वर तुमचं नाव येतं, खाली उत्तराची चौकट. कित्येक दुकानदारांचा फोन नंबर त्या खालच्या चौकटीमागं गुदमरलेला असतो. अक्षराखाली गडद पट्टी द्या. लाल मिरचीवर पांढरं अक्षर चालतं, पण पांढऱ्या रश्श्यावर पांढरं अक्षर टाकणारेही मी बघितलेत.

भाषेचं म्हणाल तर जसं बोलता तसं लिहा. "आम्ही आपल्यासाठी घेऊन आलो आहोत" असं घरात कोण बोलतं? पण दर ओळीला 'नाद खुळा' आणि 'विषय हार्ड' पण नको. तिखट कितीही चांगलं असलं तरी दुधात घालत नाहीत.

सावधान: टाकलेल्या स्टोरीतली चूक दुरुस्त करायला ती काढून पुन्हा टाकावी लागते, आणि तोवर आलेली मतं त्याबरोबर जातात. म्हणून टाकण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा. मनात वाचलेलं चालत नाही, मनाला चुका दिसत नाहीत.

टप्पा ६: स्टिकर, म्हणजे प्रश्न कसा विचारायचा

सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो, म्हणून जरा थांबूया.

स्टिकर हे साधन आहे. त्यातला प्रश्न सोपा, खरा आणि उत्तर देणाऱ्याला स्वतःबद्दल काही सांगू देणारा हवा. "आमची मिसळ आवडली का? हो / खूपच हो" हा प्रश्न नव्हे, ही स्वतःच स्वतःला दिलेली टाळी. "तांबडा की पांढरा?" हा प्रश्न आहे, पण इतका झिजलाय की बोट आपोआप दाबतं आणि डोकं पुढं निघून जातं. त्यालाच जरा अडचणीत टाका: "मटण एक किलो, माणसं बारा. पाणी कुठल्या रश्श्यात वाढवणार?" आता प्रत्येकाला स्वतःच्या घरचा एखादा रविवार आठवतो. मत देऊन तो थांबत नाही, खाली लिहितोसुद्धा.

कुठलं स्टिकर कशाला?

*पोल.* बोट लावण्यापुरती कृती हवी असेल तेव्हा. जास्त पर्याय देता आले तरी दोनच ठेवा, आणि दोन्ही बाजूंनी खरोखर माणसं उभी राहतील असे. कुणी काय मत दिलं ते तुम्हाला नावानिशी दिसतं. ती नावं पुढं उपयोगाची आहेत.

*प्रश्नमंजुषा.* एक उत्तर बरोबर असतं आणि दाबल्याबरोबर कळतं. त्यामुळं उत्तर वादाचं नको, पक्कं हवं. उदाहरणार्थ: "अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून किती वेळा?" उत्तर दोनदा: ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. गावातल्या माणसालाही क्षणभर थांबावं लागतं, हे या प्रश्नाचं बळ. "सगळ्यात भारी मिसळ कुठली?" हा मंजुषेचा प्रश्न होऊ शकत नाही, तो भांडणाचा आहे.

*प्रश्नपेटी.* लिहून उत्तर हवं असेल तेव्हा. "काहीही विचारा" असं टाकून वाट बघत बसू नका, काहीही म्हटलं की काहीच सुचत नाही. चौकट जितकी लहान तितकं उत्तर सोपं. आणि पहिलं उत्तर तुम्हीच द्या: "आमच्याकडं थोडे पोहे भाजून घालतात, हसू नका." कुणीतरी आधी येडं ठरलं की बाकीच्यांना धीर येतो. आलेलं उत्तर तुम्ही पुढं स्टोरीत दाखवलं तर उत्तर देणाऱ्याचं नाव लोकांना दिसत नाही. हे लोकांना माहीत नसतं, एकदा लिहून सांगा.

*सरकपट्टी* (इमोजी ओढायची ती). भावना विचारायला ठीक. "किती तिखट चालतं?" याला पोलपेक्षा ही चांगली, कारण तिखटाला हो-नाही नसतं.

*काउंटडाउन.* तारीख पक्की असेल तरच. बघणाऱ्याला आठवण लावून घेता येते. माल तयार नसताना लावलं आणि तारीख चुकली तर पुढच्या वेळी कुणी लावणार नाही.

*लिंक.* मालिकेच्या शेवटी, आणि तिच्यावरचा मजकूर बदलून. लांबलचक पत्ता कुणी दाबत नाही, "बरण्यांचे दर इथं" असं लिहिलं की दाबतात.

स्टिकर मधोमध किंवा किंचित खाली ठेवा, कडेला नको. कडेला बोट लागलं तर मत जायच्या ऐवजी स्टोरीच पुढं किंवा मागं सरकते.

सावधान, पेठा: शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉल सामना असला की "आज कोण?" असा पोल टाकायचा मोह होतो. मतं ढिगानं येतील. पण दुकान चालवत असाल तर अर्धी पेठ तुमच्याकडं यायची बंद होईल. फुटबॉल बघा, ओरडा, पोल टाकू नका.

सावधान, पाऊस: जुलै-ऑगस्टमध्ये सगळं गाव एकच आकडा बघत असतं, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. अशा दिवसांत पाण्याची स्टोरी टाकणार असाल तर तीन गोष्टी स्टोरीतच लिहा: ठिकाण, तारीख, वेळ. स्टोरी २४ तास राहते, सकाळचं पाणी संध्याकाळी तसंच नसतं, आणि बघणाऱ्याला ती 'आत्ताची' वाटते. २०१९ आणि २०२१ च्या पुराचे व्हिडिओ अजूनही फिरतात. स्वतः काढलेलं नसेल तर पुढं ढकलू नका. आणि पुरावर पोल, सरकपट्टी, मंजुषा यातलं काहीही नको. ज्याच्या घरात पाणी शिरलंय तोही बघतोय.

टप्पा ७: टाकणे

लहान टप्पा. 'सर्वात चांगली वेळ' म्हणून कुणी ठोकून सांगत असेल तर ऐकू नका. तुमची वेळ तुमच्या लोकांवर आहे. एक आठवडा सकाळी, पुढचा आठवडा रात्री जेवणानंतर, त्याच प्रकारची मालिका टाका आणि पहिल्या स्टोरीचे आकडे कागदावर लिहा. तुमची वेळ त्यातच दिसेल. वहिनींना दुपार लाभली: स्वयंपाक आवरून बायका जरा टेकतात तेव्हा.

पाचही स्टोऱ्या एकदम टाकायची गरज नाही. पहिल्या तीन टाका, तासा-दोन तासांनी उरलेल्या दोन. नवीन स्टोरी आली की तुमच्या प्रोफाइल फोटोभोवती रंगीत कडं पुन्हा दिसतं. पण सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक असं विखरू नका, धागा तुटतो.

टाकल्यावर किमान अर्धा तास मोकळा असेल तेव्हाच टाका. गाडीवर बसताना टाकून निघालात तर पुढचा टप्पा गेला.

टप्पा ८: उत्तर द्या, आणि उद्या निकाल सांगा

लोक हाच टप्पा गाळतात. सात टप्पे नीट करून इथं हात वर करणारे मी मोजणं सोडून दिलंय.

उत्तराला नुसता लाल बदाम पाठवणं म्हणजे रस्त्यात कुणी थांबून "काय चाललंय?" विचारल्यावर मान हलवून पुढं जाणं. एक प्रश्न उलटा विचारा. "कारळे भाजून घालता की कच्चे?" आता बोलणं सुरू झालं. आणि हे मराठीतच करा. आलेल्या लांबलचक प्रेमळ उत्तराला इंग्रजीत 'थँक्स डिअर' लिहून पाठवलं की समोरची काकू गप्प होते.

मान राखा. मोठ्या माणसाला अहो-जाहो, ओळखीच्या पोराला भावा. खात्याला एकच आवाज असावा हे खरं, पण आत्याच्या वयाच्या बाईला 'हे फॅम' म्हणणं हा आवाज नव्हे.

मग निकाल. पोल घेतला, मतं आली आणि विषय तिथंच संपला, असं केलंत तर पुढच्या वेळी बोट कशाला लावायचं? २४ तास संपायच्या आत निकालाचा स्क्रीनशॉट घ्या. दुसऱ्या दिवशीची पहिली स्टोरी तीच. वहिनींनी दुसऱ्या दिवशी त्याच दोन मिरच्या पुन्हा तळहातावर घेतल्या, एक मोडली, आणि लिहिलं: "सुरकुतलेली ती ब्याडगी, रंगाला. दुसरी संकेश्वरी, तिनं काल आमच्या शेजारणीला रडवलं." ज्यांचं उत्तर चुकलं होतं त्यांनी स्वतःहून लिहिलं की आमच्या बाजारवाल्यानं फसवलं. पोलचं उत्तर एक दिवस राखून ठेवायचं ते यासाठी. दुसऱ्या दिवसाचं दार आदल्या दिवशीच अर्धं उघडं राहतं.

ज्यांनी दोन-तीनदा उत्तर दिलं त्यांची नावं कागदावर लिहा. नवीन काही करायचं झालं की पहिल्यांदा त्यांना वैयक्तिक विचारा, "हे ठीक वाटतंय का?" सगळ्यांना एकच मेसेज चिकटवून पाठवू नका, तो लगेच ओळखू येतो.

तपासा: आलेल्या प्रत्येक लेखी उत्तराला तुमचं लेखी उत्तर गेलंय का? निकाल दाखवलाय का? दुसऱ्याचे शब्द किंवा फोटो पुढं दाखवताना त्याला विचारलंय का?

टप्पा ९: काय ठेवायचं, काय जाऊ द्यायचं

आठवड्यातून एकदा, चहा घेता घेता. ज्या स्टोरीत कायम उपयोगाचं काही आहे (दर, पत्ता, मिरची ओळखायची खूण) ती हायलाइटमध्ये (प्रोफाइलवर कायम राहणाऱ्या स्टोऱ्यांत). बाकी जाऊ द्या. तारीख उलटून गेलेल्या काउंटडाउनसह हायलाइट ठेवणं म्हणजे गेल्या दिवाळीची तोरणं मार्चमध्ये दारावर. हायलाइटची नावं दोन शब्दांत आणि मराठीत: 'दर', 'मिरची', 'तुमची उत्तरं'.

व्हॉट्सॲप स्टेटसला काय बदलायचं

इन्स्टाग्रामवरची स्टोरी उतरवून स्टेटसला लावली की त्यातला पोल नुसतं चित्र होतो. लोक त्यावर बोट दाबतात, काही होत नाही, आणि तुमच्या काकांचा फोन येतो, "हे चालेना बघ." म्हणून टप्पा ३ मधली कोरी क्लिप घ्या आणि प्रश्न अक्षरांत लिहा: "डावी की उजवी? खाली लिहा." स्टेटस बघणारे बहुतेक नात्यातले आणि गिऱ्हाइकं, दोघंही नंबर असलेले. त्यांना लिहून उत्तर द्यायची सवय आहे. तिथं तीनपेक्षा जास्त लावू नका. वीस ठिपक्यांची माळ दिसली की माणूस पहिल्या ठिपक्यावरच परत फिरतो.

यंदा वहिनींनी पहिली स्टोरी टाकायच्या आधी कागद माझ्यापुढं सरकवला. ओळीत लिहिलं होतं: "भावोजींनी लेन्स पुसून द्यावी."